मदत हवी आहे: चार शुभवर्तमानं कुठल्या क्रमाने वाचावीत?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, ख्रिस्ती नाही, पण येशूचं चरित्र मूळातून वाचायला घेतलंय. बायबलमधली मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावांची चारही शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) सलग वाचून काढली आणि आता डोक्यात गोंधळ आहे.

मत्तयात पूर्वेकडचे ज्ञानी लोक येतात, मग मिसर देशात पलायन. लूकमध्ये मेंढपाळ आणि गव्हाण. मार्कात तर जन्मकथाच नाही, थेट बाप्तिस्मा! एवढं समजू शकतो. महानुभावांच्या लीळा वाचलेल्या माणसाला सांगणारा बदलला की प्रसंगाचा रंग बदलतो याची सवय असते. पण मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलण्याचा प्रसंग योहान दुसऱ्याच अध्यायात सांगतो, बाकीचे तिघे अगदी शेवटच्या आठवड्यात. हा एकच प्रसंग की दोन? आणि येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन तिघांच्या मते वल्हांडण या यहुदी सणाचं, तर योहानात ते सणाच्या आधीच उरकतं. यावर अभ्यासक काय म्हणतात?

बहुतेक अभ्यासक मार्क सर्वांत जुनं, इ.स. ७०च्या आसपासचं मानतात. मग मार्कापासून सुरुवात करून मत्तय आणि लूक शेजारी ठेवून वाचावं का? मला तेच पटतंय, योहान वेगळा.

मराठीत तळटीपांसह चांगलं विवेचन कुठलं? केवळ भक्तिपर नको, नुसतं खंडनही नको. न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये किंवा शहरात कुठे बायबल अभ्यासाला बाहेरच्या माणसाला बसू देतात का? संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो. कुणी जात असाल तर कृपया सांगा.