देव न मानणं आणि देव न पाळणं: कोकणातला नास्तिक

खाडीकाठ

मंडळी, गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात पुढच्या महिन्यात नास्तिकतेवर चर्चा ठेवली आहे. प्रास्ताविकाचं टिपण मी करतोय. ऐकणारे बहुतेक गावातलेच असतील, चार-दोन चाकरमानी येतील. तीन गोष्टींवर मदत हवी आहे. नास्तिक या शब्दाचा नेमका अर्थ काय? माणूस नास्तिक होतो तो कशामुळे? आणि पालखी, गाऱ्हाणं (गावासाठी देवाला घातलेली विनवणी), वर्गणी, सुतक, लग्न, मयत या सगळ्यांत अशा माणसानं वागायचं कसं, कायदा कुठे उपयोगी पडतो? नुसती मतं नकोत, टिपणात घालता येईल असं काही सांगा.

माडाची सावली

शब्दापासून सुरुवात करा. निम्मी भांडणं शब्दामुळेच होतात.

पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). टीकाकार त्याचा अर्थ परलोकाशी लावतात. परलोक आहे अशी ज्याची मती तो आस्तिक, नाही अशी ज्याची मती तो नास्तिक. यात ईश्वर कुठेच नाही. मनुस्मृतीत (२.११) व्याख्या बदलते. तर्कशास्त्राचा आधार घेऊन श्रुती-स्मृतींना कमी लेखणारा तो ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणजे कसोटी वेदाची झाली, ईश्वर इथेही नाही. त्यामुळे सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं जगत्कर्त्या ईश्वराशिवाय चालतात आणि तरी आस्तिक गणली जातात. जैन आणि बौद्ध पुनर्जन्म मानतात, पण वेदप्रामाण्य मानत नाहीत, म्हणून ते नास्तिकांच्या रांगेत.

कुमारिल भट्टाचे प्रश्न टिपणात जरूर घ्या. तो वेदाचा कट्टर पुरस्कर्ता, पण जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावर त्याचे आक्षेप आजच्या कुठल्याही नास्तिकाला शोभतील असे आहेत. शरीर नसताना त्यानं निर्मितीची इच्छा कशी केली? करुणेपोटी जग केलं म्हणाल, तर जीवच नव्हते तेव्हा करुणा कुणाची आली? आणि करुणा होती तर दुःख का घातलं? हे प्रश्न बाहेरून आले असं कुणी सभेत म्हणालं, तर कुमारिल सातव्या शतकातला आहे हे सांगा.

चार्वाकांबद्दल जपून लिहा. त्यांची मतं आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून कळतात. ‘ऋण काढून तूप प्या’ एवढ्यावर त्यांना निकालात काढणं म्हणजे आरोपपत्र वाचून आरोपीचा जबाब लिहिणं.

आजच्या वापरात नास्तिक म्हणजे ईश्वर असल्याचा दावा ज्याला पटलेला नाही तो. ‘ईश्वर नाही हे मी सिद्ध केलंय’ असं म्हणण्याची त्याला गरज नाही. अज्ञेयवाद, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही ही भूमिका, ज्ञानाबद्दल बोलतो, नास्तिकता विश्वासाबद्दल, आणि एकाच माणसात दोन्ही राहू शकतात. देवावर रागावलेला माणूस मात्र नास्तिक नव्हे. राग धरायला समोर कुणीतरी असावं लागतं.

कातळसडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक फार सोपं करून टाकतात, ‘शिकला आणि बिघडला’ किंवा ‘शिकला आणि सुधारला’. दोन्ही कच्ची आहेत.

२०१३ मध्ये नोरेंझायन आणि गर्वेस या मानसशास्त्रज्ञांनी अश्रद्धेच्या चार वाटा मांडल्या. पहिली, अदृश्य मनाची कल्पना करणं ज्यांना स्वभावतःच अवघड जातं त्यांची. मूर्तीमागे ऐकणारं कुणी आहे असं त्यांना आतून जाणवतच नाही. दुसरी, गरज न पडण्याची. दवाखाना जवळ, पगार नियमित, म्हातारपणाची सोय झालेली, अशा ठिकाणी माणूस देवाशी भांडत नाही, नुसता विसरत जातो. तिसरी, आजूबाजूला श्रद्धेची किंमत मोजणारी माणसं न दिसण्याची. चौथी, विचार करून, तपासून देव सोडण्याची.

चौथ्या वाटेवरच सगळ्यांचं प्रेम असतं, आणि पुरावा तिथेच सर्वांत डळमळीत आहे. विचारमग्न पुतळ्याचं चित्र दाखवलं की श्रद्धा थोडी कमी होते, असा २०१२ मधला एक प्रयोग खूप गाजला. २०१७ मध्ये मोठ्या गटावर तो पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये गर्वेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १,४०० लोकांच्या नमुन्यावर या वाटा एकत्र तपासल्या. सर्वांत जड ठरली तिसरी वाट. लहानपणी वडीलधाऱ्यांना श्रद्धेसाठी झीज सोसताना ज्यांनी पाहिलं नाही, ते मोठेपणी अश्रद्ध असण्याची शक्यता जास्त. अभ्यास अमेरिकेतला आहे, तो जसाच्या तसा आपल्यावर लावू नका. पण त्यानं प्रश्न कसा विचारावा हे कळतं.

आपल्याकडे बघा. अनवाणी पालखी नाचवणारा बाप, निरंकार उपास धरणारी आजी, अकरा महिने मुंबईत राबून गणपतीला कर्ज काढून येणारा काका हे सगळं मूल बघतं. त्या मुलाला कुणी ईश्वरसिद्धीचा युक्तिवाद शिकवलेला नसतो. तेच मूल विरारच्या खोलीत वाढलं, पालखी फक्त मोबाईलवर पाहिली, तर एकही पुस्तक न वाचता श्रद्धा पातळ होते. त्याला कुणी नास्तिक करत नाही. त्याच्यापर्यंत ती पोचलेलीच नसते.

दुसऱ्या वाटेसाठी समुद्राचं उदाहरण घ्या. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनं पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर नोंदवलं होतं की खाजणातल्या शांत, भरवशाच्या मासेमारीला तिथले लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना मात्र भरपूर करतात. आपल्याकडेही ओहोटीला खाडीत तिसऱ्या-खुबे (शिंपले) वेचायला कुणी गाऱ्हाणं घालत नाही. नारळ वाहायचा तो दर्याला, नारळी पौर्णिमेला. जिथे हातातलं संपतं तिथे हात जोडले जातात. म्हणून तुमच्या टिपणात हवामानाचा इशारा, विमा आणि रात्री उघडा असणारा दवाखाना यांना ग्रंथांइतकीच जागा द्या.

खाडीकाठ

हे फार उपयोगी आहे, आभार. एक प्रश्न नक्की येणार. ‘कौल खरा निघतो त्याचं काय?’ आणि मधूनच प्रकट होणारी राजापूरची गंगा.

रापण

गंगेचं आधी. भूगर्भातली पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरली की वाकड्या नळीसारख्या भेगेतून पाणी एकदम वाहू लागतं आणि पातळी उतरली की थांबतं, असं खंडित झऱ्यांचं स्पष्टीकरण दिलं जातं. ते सांगा, पण त्यावरून ‘म्हणून देव नाही’ असं म्हणू नका. यंत्रणा कळल्यानं एक चमत्कार कमी होतो, ईश्वराचा प्रश्न तिथेच राहतो. हे दोन मुद्दे मिसळले की सभेतला कुणीही शिक्षक तुम्हाला अडवेल, आणि बरोबर अडवेल.

कौलात पाकळी, कळी किंवा पान पाण्यानं मूर्तीला चिकटवतात. उजवं पडलं की एक उत्तर, डावं पडलं की दुसरं. पाण्याचा पातळ थर पकडून ठेवतो, थर सुकला किंवा वजनानं ओघळला की कळी पडते. कुठली आधी पडेल ते पाणी किती लागलं, पाषाण कुठे गुळगुळीत आहे, समईची धग आणि वारा कुठून येतो यावर ठरतं. ‘खरा निघतो’ हा अनुभव येतो कारण बहुतेक प्रश्न हो-नाहीचे असतात, काहीच न पडल्यास पुन्हा विचारतात, आणि चुकलेला कौल कुणी वहीत लिहून ठेवत नाही.

तपासायचं असेल तर पद्धत अशी. ज्यांची उत्तरं नंतर निर्विवाद कळतील असे वीस प्रश्न आधी लिहा. डावं-उजवं म्हणजे काय ते आधी ठरवा. पुन्हा विचारणं बंद. निकाल देवळात हजर नसलेल्या माणसानं लावायचा. नाणं उडवूनही वीसपैकी पंधरा किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे २ टक्के आहे, म्हणून पंधराच्या खाली काही आलं तर त्याचं कौतुक नको. हे सगळं घरी दगडावर करा. देवळात जाऊन गुरवाला आव्हान देऊ नका. कौलाचं गावात दुसरं काम आहे. दोन भावक्यांत अडलेला निर्णय कुणाची मान खाली न जाता सुटतो. ते काम करायला दुसरी सोय दिल्याशिवाय कौल हिसकावून घेणं मला बरोबर वाटत नाही.

बांधावरची

बौद्धवाडीतून कुणी चर्चेला येणार असेल तर आधीच ठरवा की त्यांना ‘नास्तिक’ म्हणायचं का. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. पण ती धम्म स्वीकारण्याची प्रतिज्ञा आहे, आणि अनेकांना स्वतःची ओळख ‘बौद्ध’ हीच हवी असते. विचारून मग लिहा.

आणि दापोली तालुका विसरू नका. मुर्डीत १८७६ ला जन्मलेले रँग्लर र. पु. परांजपे आणि मुरुडचे, १८८२ सालचे र. धों. कर्वे. दोघेही गणिताचे, दोघेही उघड बुद्धिवादी. कर्व्यांनी जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. नास्तिकता कोकणाला परकी आहे म्हणणाऱ्याला एवढं पुरे.

वहिवाट

आता वागण्याचं आणि कायद्याचं. मराठीत ‘देव मानणं’ आणि ‘देव पाळणं’ ही वेगळी क्रियापदं आहेत. कोकणात त्यांत तिसरं मिसळतं, गावात असणं. गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत न मानणारेही उभे असतात, कारण ती गावाची हजेरीही असते. आपण यातलं नेमकं काय सोडतोय हे न सांगितल्यामुळे बहुतेक नास्तिकांचे खटके उडतात. मानत नाही एवढंच म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘मी गावाचा नाही’.

वर्गणीचं उदाहरण घ्या. सरसकट नाही म्हटलं की कंजूष ठरता. पाखाडी (दगडी पायवाट), विहीर, दिवाबत्ती, जेवणावळ यांच्या खर्चात तुमचा वाटा द्या, पावतीवर कारण लिहून घ्या, पूजेच्या रकमेला नम्रपणे नकार द्या. हे शिमग्याच्या आधी, बैठकीत बोला. पालखी दारात आल्यावर तत्त्वज्ञान काढलं तर घरच्या बायकांना त्याचा त्रास भोगावा लागतो.

तरीही वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येते. प्रकरणं ढासळतात ती पुराव्याअभावी, कारण गावकीचा ठराव तोंडी असतो. दंडाची पावती, गटावरचे निरोप, कुणी कोणत्या तारखेला दुकान किंवा पाणी बंद केलं याची नोंद त्या दिवसापासून ठेवा. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वेगळा आहे. तो फसवणूक आणि अघोरी प्रकारांसाठी आहे, कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही.

धर्माचा रकाना. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘मला धर्म नाही’ असं म्हणता येतं. पण अनुसूचित जातीचा दाखला १९५० च्या आदेशानं हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्याशी जोडलेला आहे, म्हणून त्या घरातल्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय कागद बदलू नयेत. वारसाहक्क नास्तिक म्हटल्यानं जात नाही. न्यायालयात साक्षीला उभं राहताना १९६९ च्या शपथ कायद्यानुसार ईश्वराऐवजी गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येतं, आधी सांगायचं इतकंच.

लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं. नोटीस द्यायची ती दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याला. मग ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा नोटीस. मे महिन्यात आठ दिवस गावी येऊन रत्नागिरीत नोटीस टाकू म्हणणाऱ्या चाकरमान्यांचं इथेच अडतं. त्यांनी मुंबईत टाकावी. मामेबहिणीशी लग्न असेल तर हे नातं या कायद्याच्या निषिद्ध यादीत आहे, तेही आधी बघा.

मयताच्या बाबतीत नुसती इच्छा बोलून ठेवणं पुरत नाही. देहदानाचा अर्ज भरला असला तरी शेवटी देह सोपवतात ते जवळचे नातेवाईक, म्हणून मुलगा, सून, पुतण्या या सगळ्यांना हयातीत सांगा. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. डेरवण किंवा रत्नागिरीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला फोन करून त्यांच्या अटी आत्ताच लिहून घ्या, पावसाळ्यात घाटरस्ता बंद असताना त्या शोधत बसता येत नाही. डॉक्टरचा मृत्यूच्या कारणाचा दाखला सोबत लागतो. नेत्रदान करूनही देहदान होतं. डोळे मात्र सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा.