स्थगिती, मनाई की वटहुकूम?

कोयनाकाठ
टेरी शायवो या वर्षानुवर्षं भानावर नसलेल्या अमेरिकन बाईच्या प्रकरणावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. न्यायालयाच्या आदेशानुसार १५ ऑक्टोबर २००३ ला फ्लोरिडात तिची फीडिंगची नळी काढली. सहाव्या दिवशी तिथल्या विधिमंडळाने खास कायदा करून गव्हर्नरला एकदाच 'स्टे' द्यायचा अधिकार दिला आणि जेब बुश यांनी त्याच दिवशी तो वापरला. नळी परत बसली. मी लिहिलं, 'राज्यपालांनी स्थगिती दिली.' संपादकांनी खोडून 'वटहुकूम काढला' केलं.

मला दोन्ही खटकतंय. आपल्याकडे मंत्री बदल्यांना स्थगिती देतात, निविदांना देतात, वाचकाला त्यात काही वाटतच नाही. इथे साक्षीपुरावे होऊन, अपिलं संपून अंतिम झालेला निकाल एका सहीने बाजूला सारला. हे कोणत्या शब्दात येईल?

पारावरचा
वटहुकूम साफ चूक. विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना सरकार काढतं तो वटहुकूम. इथे विधिमंडळानेच कायदा केला, मग वटहुकूम कशाचा?

आणि ताई, आधी 'राज्यपाल' काढा. आपला वाचक राजभवनातले राज्यपाल डोळ्यांसमोर आणणार. फ्लोरिडाचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला, कारभार हाकणारा माणूस. आपल्या हिशेबाने तो मुख्यमंत्री. 'गव्हर्नर'च ठेवा.

शुद्धमती
मुळात वटहुकूम हा शब्दच कशाला हवा? संविधानाच्या मराठी प्रतीत 'अध्यादेश' आहे. अरबी हुकूम गळ्यात बांधून किती दिवस फिरायचं?

पारावरचा
अध्यादेशाची पार रया गेलीय. साधा शासन निर्णय निघाला तरी बातमीत 'अध्यादेश' असतं, अधिसूचनेचा मसुदा आला तरी तेच. वटहुकूम म्हटलं की निदान कळतं, सरकारने विधिमंडळाला न विचारता काहीतरी केलंय.

जुनी दौत
वटहुकूम मला जिव्हाळ्याचा. आमचे आजोबा पेढीवर होते, हुंडी 'वटली' म्हणायचे. चेकही वटतो. माझी समजूत अशी की जो वटतो, ज्याला समोरच्याने मान द्यावाच लागतो, तो वटहुकूम.

इटलीत हेच झालं. एलुआना एंग्लारो १९९२ च्या अपघातापासून बेशुद्धच होती, वडील कोर्टात भांडत होते. २००८ मध्ये मिलानच्या न्यायालयाने नळी बंद करायला परवानगी दिली. ६ फेब्रुवारी २००९ ला बर्लुस्कोनी सरकारने ते रोखायला वटहुकूम मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी सही नाकारली, हुकूम वटलाच नाही. मग घाईने विधेयक आणलं. ९ तारखेला सिनेटमध्ये चर्चा चालू असताना ती गेली.

शुद्धमती
वटणे म्हणजे वटवणे, पैसे करणे. त्याचा हुकुमाशी संबंध जोडायला काही आधार? मला तर 'त्याची फार वट आहे' यातली वट दिसते. वजनाचा, वशिल्याचा हुकूम. म्हणून तर तो नको.

जुनी दौत
कागदी आधार नाही. कानाला पटतं म्हणून लिहिलं. पण 'वट' तरी कुठून आली, हे तुम्हीच शोधा.

रात्रपाळी
मी अतिदक्षता विभागात बावीस वर्षं नर्स आहे. तुम्ही सगळे सरकार आणि कोर्टाचे शब्द शोधताय. आमच्याकडे शब्द एकच, 'डामा'. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं. २०१९ ला माझ्या सासऱ्यांच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "आता काही होणार नाही, पण व्हेंटिलेटर मी काढू शकत नाही. डामा घ्या, घरी सेवा करा." बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे जीव धरून ठेवणारे उपचार थांबवू देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०१८ चाच होता. मी बोलले, तर म्हणाले, आमच्यापर्यंत काही आलेलं नाही. सासूबाईंनी फॉर्मवर अंगठा दिला. त्यावर छापलं होतं, 'परिणामांची जबाबदारी आमची.' अॅम्ब्युलन्समध्ये अंबू पिशवी, हाताने श्वास देण्याची, मी दाबत होते. कुठे थांबायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कर्नाटकाने जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढलं, निकाल अमलात कसा आणायचा त्याचं. सरकारने निकाल अडवला तर तुमच्याकडे तीन-तीन शब्द. नुसता पडू दिला, तर त्याला काय म्हणायचं?

कोयनाकाठ
रात्रपाळीताई, हे वाचून थांबले थोडा वेळ. बासनात गुंडाळणं म्हणतो आपण, पण ते फार ढोबळ आहे.

शुद्धमती
ताई, मनापासून सहानुभूती. एक विचारते. डामाला इच्छामरण म्हणायचं का? अरुणा शानबाग यांच्या वेळी 'दयामरण' छापून यायचं, २०१८ ला 'इच्छामरण' झालं. मध्ये कुणाची इच्छा आली?

रात्रपाळी
सासऱ्यांची होती. चार वेळा बोलून दाखवली होती, जेवताना. लिहून ठेवली नव्हती.

पारावरचा
टेरीचंही तेच की. लेखी काही नव्हतं, तिचं बोलणं ऐकलेल्यांच्या साक्षींवरच न्यायाधीश ग्रीअर यांनी तिची इच्छा ठरवली. आणि तो खास कायदाही लेखी इच्छा नसलेल्या रुग्णांपुरताच होता. पुढे सप्टेंबर २००४ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने घटनाबाह्य ठरवला. अंतिम निकाल विधिमंडळाला आणि गव्हर्नरला फिरवता येत नाही, म्हणून.

म्हणजे ताई, 'निकाल फिरवला' लिहा की. गावात आजही म्हणतात, पंचांचा निकाल पाटलाने फिरवला.

कोयनाकाठ
फिरवला म्हटलं तर तो कायमचा फिरला असं वाटतं. ३१ मार्च २००५ ला ती गेली, कोर्टाच्या आदेशानेच. 'निकालाच्या आड आले' कसं वाटतं?

शुद्धमती
त्यापेक्षा 'मनाई केली' सरळ आहे.

जुनी दौत
मनाईसुद्धा अरबीच, ताई.