झोपलेल्या बाळाला तापाचं औषध

ताप आहे पण बाळ शांत झोपलंय, तर उठवून औषध पाजायचं का? मी तरी उठवणार नाही. औषध असतं ते बाळाची तगमग कमी करायला, थर्मामीटरचा आकडा उतरवायला नाही. पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच डॉक्टर गाठा. हलवूनही नीट जागं होत नसेल तर कुठल्याही वयात तेच.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो. आणि कृपा करून बाटली उजेडात धरून वाचा! थेंबांचं औषध बऱ्याचदा सिरपपेक्षा तीव्र असतं, ते चमच्यानं मोजलं तर डोस भलताच वाढतो. गार पाण्याच्या पट्ट्यांनी बाळ कुडकुडतं, त्या नकोतच.