मुंबईवर शाळकरी मुलांसाठी पुस्तिका लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?

शेवटची_लोकल:
नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीची, एसवायला इतिहास घेतलाय. प्रकल्प म्हणून आठवी-नववीच्या मुलांसाठी मुंबईवर छोटी पुस्तिका करायची आहे. सरांची अट एकच, स्वतः शोधलेलं काहीतरी हवं. सात बेटं, १८५३ ची बोरीबंदर-ठाणे आगगाडी, गिरण्या, १९८२ चा संप, डबेवाले, सगळं घातलं. नववीतल्या भावाला वाचायला दिलं, तर दुसऱ्या पानावरच मोबाईल काढून बसला. म्हणे, "हे आमच्या पुस्तकात आहेच की!" आता काय ठेवू, काय गाळू?

अर्धा_कटिंग:
फोटो वाढव. हल्लीची पोरं वाचत नाहीत.

नळ_गेला:
वाचतात हो, पण पाठ्यपुस्तक परत कोण वाचेल? ताई, माझी सगळी नोकरी पालिकेच्या पाणीखात्यात गेली, त्यामुळे माझं मत एकतर्फी समज. एवढी सगळी मुंबई एका पुस्तिकेत कोंबू नकोस. पाणी घे. घरातल्या नळापासून निघायचं आणि धरणापर्यंत उलटं चालत जायचं.

वाटेत मुलांना ओळखीचीच नावं भेटतील. धोबीतलाव, सी.पी. टँक, गोवालिया टँक. रोज बसच्या पाटीवर वाचतात, पण तिथे तलाव होता हे कुणाच्या डोक्यात येत नाही. गावाचं पाणी या तलावांवर आणि विहिरींवर चालायचं. १८६० मध्ये विहार धरणाचं पाणी नळाने शहरात आलं, मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. शहरातले हे जुने तलाव हळूहळू बुजत गेले. ज्या गोवालिया टँक मैदानावर १९४२ ची 'चले जाव'ची सभा झाली, तिथेही पूर्वी तलावच होता. विहिरी बऱ्याच पुढे मलेरियापायी बंद झाल्या. डासांची पैदास तिथे होते असा डॉ. बेंटलींचा अहवाल १९११ मध्ये आला. धार्मिक कारणाने पाणी लागणाऱ्या लोकांनी विरोध केला, म्हणून काही वाचल्या. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर आजही आहे, १७२५ ची.

आणि एक माणूस घाल पुस्तिकेत, चावीवाला. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी चोवीस तास नसतं, ठरल्या वेळेला येतं. ते 'येतं' म्हणजे हा माणूस रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतो, कमरेएवढी चावी आत घालतो आणि आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवतो. चावी जराशी कमी फिरली की टेकाडावरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर धार बारीक. बायका लगेच ओळखतात, आज माणूस बदललाय! आमच्यातले जुने लोक रात्री रस्ता शांत झाला की सळईचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानाला लावून गळती शोधायचे. हे कुठल्या धड्यात नाही.

आसनगाव_फास्ट:
काका, धरणापर्यंत आलात आणि तिथेच थांबलात. मी शहापूर तालुक्यातला. तानसा आमच्याकडे, भातसा आमच्याकडे. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जातं, त्यात भातसाचा वाटा निम्म्याच्या आसपास. आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर! बाया-पोरी हंडे लावून वाट बघत बसतात. ताई, हे पान गाळू नकोस. चौदा वर्षांच्या पोराला यातलं बरोबर-चूक आपलं आपण कळतं, समजावत बसू नकोस.

अर्धा_कटिंग:
बरं, फोटोंचं मागे घेतो. टँकरचा मात्र टाकच.

शेवटची_लोकल:
काका, दादा, खूप आभार. गिरण्या-डबेवाले सगळं काढते. एक अडचण आहे. आमच्या डोंबिवलीच्या नळाला उल्हास नदीचं पाणी, म्हणजे भावाच्या घरून सुरुवात करता येत नाही. पण आत्या ठाकूरद्वारला राहते, आत्तेभाऊ आठवीत आहे. तिथून निघू का? आणि भांडुपचं जलशुद्धीकरण बघायला देतील?

नळ_गेला:
ठाकूरद्वार उत्तम. सी.पी. टँक आणि धोबीतलाव दोन्ही चालत. आत्याला फक्त पाण्याची वेळ विचार आणि त्या आधी खाली जाऊन उभी राहा, चावीवाला भेटेल. घाईत असतो, आधी चहा विचार. भांडुपला असंच जाऊन चालणार नाही, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज दे आणि बरीच आधी दे. कॅमेरा नेऊ देतील याची खात्री धरू नकोस, आत्तेभावाला चित्र काढायला सांग. शहापूरला मात्र मे महिन्यातच जा, पावसाळ्यात गेलीस तर नुसतं भरलेलं धरण दिसेल.

आसनगाव_फास्ट:
मे मध्ये येणार असशील तर इथेच कळव. पाड्यावर नेतो. पाण्याची बाटली घरून भरून आण.