मदत हवी: भरल्या गाडीचा आस तुटलाय, वेल्डिंग चालेल का?

शिवार_निपाणी: ऊस भरून निघालेली गाडी वाटेतच बसली. डावीकडं आस तुटून चाक ड्रमसकट बाहेर आलं. तोड चालू आहे, मोळ्या फडात वाळूलाल्यात, वजन घटतंय. गावातला वेल्डर म्हणतो तासाभरात जोडून देतो. द्यावं का? लवकर सांगा.

हुक्केरीकर: बैलगाडी की ट्रॅक्टरची ट्रॉली? टायर की लोखंडी धाव? तुटलाय नेमका कुठं? फोटो टाका की.

गडहिंग्लजचा_गडी: बिनधास्त जोडून घ्या. आमची जोडलेली गाडी दोन हंगाम चालली.

लेथवाला_बेळगाव: अजिबात जोडू नका. आसाच्या टोकाचं पोलाद ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) सारखं असलं तर आधी तापवल्याशिवाय साध्या रॉडनं जोडल्यावर जोडाशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो. जोड राहतो, शेजारी तुटतं. तुटलेलं तोंड कसं दिसतंय ते सांगा.

गडहिंग्लजचा_गडी: मग आमची कशी चालली?

लेथवाला_बेळगाव: ओझं किती, रस्ता कसला, त्यावर आहे दादा. उतारावर भरल्या गाडीचं चाक निघालं तर सगळा भार जुवावर येतो. बैलांच्या मानेचा प्रश्न आहे.

चिकोडी_ऊसवाला: ऊस कुठल्या कारखान्याला? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत. तुम्हाला मिळाले का?

शिवार_निपाणी: पैशाचं नंतर बोलू. बैलांची टायरगाडी हो, इकडं उसाला दुसरी कुठली असते? आस चौकोनी, टोक गोल. आतल्या बेअरिंगला लागून, जाडी कमी होते तिथंच तुटलाय. तोंड अर्ध्याच्या वर काळपट गुळगुळीत, उरलेलं चमकतंय.

लेथवाला_बेळगाव: मग चीर जुनी आहे. काळा भाग हळूहळू फाटत गेलेला, चमकणारा परवा एकदम तुटलेला. जाडी कमी होते त्या खांद्यावर काटकोन ठेवला की सगळा ताण तिथंच येतो. नवीन टोक करताना तिथं गोलाई ठेवायला सांगा. उजवं टोक पण रॉकेलनं पुसा, कोरडं करा, खडूची पूड लावा. चीर असेल तर आतलं रॉकेल पुडीवर रेघ काढतं.

खानापूरकर: आजोबांच्या गाडीला चाकाला बाभळीचा तुंबा (मधला लाकडी गड्डा) होता, एरंडेलाचं वंगण. कधी मोडली नाही.

हुक्केरीकर: त्या गाडीत एवढा ऊस भरत होते काय?

सीमावासी: बैल सोडा, ट्रॅक्टर घ्या.

शिवार_निपाणी: ट्रॅक्टरचं विचारलंच नाही मी. आस काढलाय. उजव्या टोकालाही बारीक रेघ उमटली. आता नुसती टोकं बदलू की अख्खा आस? बेळगावात उद्यमबागेत आणू का?

कागलकर: निपाणीहून बेळगाव कशाला? कोल्हापूर जवळ आहे, उद्यमनगरात लेथच लेथ आहेत.

लेथवाला_बेळगाव: जवळ पडेल तिथं जा, पण दोन्हीकडं चीर आहे तर अख्खा आसच बदला. ड्रम आणि सगळी बेअरिंग बरोबर न्या. कड्यावर नंबर असतो, ३०२०८ असेल तर आतलं माप ४० मिलिमीटर. बसवताना चाक फिरवत नट आवळा, मग किंचित सैल करा, स्प्लिट पिन नवीनच घाला.

गडहिंग्लजचा_गडी: तोवर ऊस वाळवायचा काय? शेजारची गाडी मागून घ्या.