इंजिन ऑइलच्या इन्फ्रारेड अहवालात ऑक्सिडेशन दुप्पट. ऑइल काढून टाकावे का?

प्रश्न
नमस्कार. आमच्या कारखान्यातील डिझेल जनरेटरच्या ऑइलचे नमुने ठरावीक तासांनी एफटीआयआर चाचणीला (इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला जातो यावरून ऑइलमधील घटक ओळखणारी चाचणी) जातात. ताज्या अहवालात ऑक्सिडेशनचा (ऑक्सिजनशी संयोग होऊन ऑइल खराब होण्याचा) आकडा मागच्या नमुन्याच्या जवळजवळ दुप्पट आला आहे. नायट्रेशन (ज्वलनातील नायट्रोजन ऑक्साइडांमुळे होणारा बिघाड) आणि काजळी मात्र होती तेवढीच आहे. मध्यंतरी पातळी उतरली म्हणून दुसऱ्या कंपनीचे, त्याच ग्रेडचे ऑइल वरून घातले होते. ऑइल बदलावे, की पुढील नमुन्यापर्यंत थांबावे?

उत्तर १
माझा पहिला संशय त्या वरून घातलेल्या ऑइलवर आहे. ऑक्सिडेशनचा आकडा सुमारे १८०० ते १६७० प्रति सेंटीमीटर या तरंगसंख्येच्या पट्ट्यातील कार्बोनिल गटाच्या (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) शोषणावरून काढतात, आणि एस्टरयुक्त (एस्टर हा कार्बोनिल गट असलेला संयुगांचा प्रकार) सिंथेटिक ऑइल कोरे करकरीत असतानाही नेमके याच पट्ट्यात शोषण दाखवते. प्रयोगशाळेकडून नुसता आकडा न घेता मूळ आलेख मागवावा: १७४०च्या आसपास टोकदार शिखर असेल तर ते बहुधा एस्टरचे, आणि १७१०च्या आसपास पसरट फुगवटा असेल तर ऑइल खरोखर खराब झाले आहे. तसे असल्यास स्निग्धता (दाटपणा) आणि आम्लांकही (आम्लाचे प्रमाण) चढलेले दिसायला हवेत.

उत्तर २
वरील मत पटते, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. आपल्या डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल, तर इंजेक्टरमधून गळून ऑइलमध्ये उतरलेले तेही १७४५च्या जवळ दिसते. अशा वेळी स्निग्धता चढण्याऐवजी घटते, ज्वलनांकही (ज्या तापमानाला वाफ पेट घेते तो) खाली येतो, आणि मग प्रश्न ऑइलचा नसून इंजेक्टरचा असतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. स्निग्धता मागच्या नमुन्याएवढीच आहे. वरून घातलेल्या ऑइलचा डबा अजून शिल्लक आहे. त्यातला नमुना पाठवल्यास उपयोग होईल का?

उत्तर १
अवश्य पाठवावा, आणि मूळ ऑइलचा कोरा नमुनाही सोबत द्यावा. दोन्ही ज्या प्रमाणात मिसळली त्याच प्रमाणात मिश्रण करून तो संदर्भ धरावा, कारण वापरलेल्या ऑइलच्या आलेखातून कोऱ्या ऑइलचा आलेख वजा करतात. चुकीच्या ऑइलचा आलेख वजा केला तर उरणाऱ्या फरकाला काहीच अर्थ राहत नाही. तोवर स्निग्धता स्थिर असल्याने ऑइल राहू द्यावे, मात्र पुढील नमुना लवकर काढावा, तोही इंजिन गरम असताना. झिजेचे धातू इन्फ्रारेडमध्ये दिसत नाहीत; त्यांची चाचणी वेगळी सांगावी लागेल.