चार बाय सातचं बाथरूम, मिंट आणि राखाडी : सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सी-१०४ : बाथरूम नव्याने करायचंय. आतून ४ बाय ७ फूट. मिंट ग्रीन आणि राखाडी हे दोनच रंग डोक्यात आहेत. कुठे कुठला, टाइल किती लागतील, काय टाळायचं? मिस्त्री सोमवारी येणार आहे.

बी-३०१ : आधी राखाडी ठरवा, मिंट त्यानंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि फसतात. हिरव्याच्या शेजारी ठेवलेला राखाडी डोळ्याला किंचित गुलाबी भासतो. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच शेजारी-शेजारी ठेवलेल्या रंगांवर अख्खा ग्रंथ लिहिलाय. मुळातच जांभळट झाक असलेला राखाडी घेतला तर मिंटशेजारी तो आणखी जांभळा दिसेल. किंचित हिरवट झाक असलेला घ्या, भिंतीवर तो साधा स्वच्छ राखाडी दिसतो. ओळखायचं कसं? तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. झाक लगेच कळते.

ए-६०२ : आणि तो कागद दुकानातल्या दिव्याखाली ठेवू नका. तुमच्या बाथरूममध्ये जो दिवा लागणार आहे त्याखाली बघा. २७००-३००० केल्विनच्या पिवळ्या उजेडात मिंट पिस्त्याकडे झुकतो. ६५०० च्या पांढऱ्या उजेडात राखाडी निळा पडतो आणि खोलीला दवाखान्याची कळा येते. ४००० केल्विन घ्या, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा. खोक्यावर दोन्ही छापलेलं असतं.

सी-१०४ : म्हणजे टाइलच्या आधी दिवा?

ए-६०२ : हो. दिवा आधी आणा, टांगा, मग रंग निवडा.

डी-२०३ : दादा, चारही भिंती मिंट करू नका. इतक्या छोट्या जागेत भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो आणि शेड कार्डवर दिसला त्यापेक्षा गडद होतो. मिंट रंग द्यायचा असेल तर मनात भरलेल्या छटेपेक्षा दोन घरं फिकी घ्या. भिंतीवर २ बाय २ फुटांचा पट्टा मारा, पूर्ण दोन हात द्या, आणि सकाळी व रात्री दोन्ही वेळा बघा. ओला रंग बघून कोणीही निर्णय घेऊ नये.

बी-३०१ : दारातून समोर दिसते ती ४ फुटांची भिंत मिंट टाइलची, बाकी तीन भिंती फिक्या राखाडी, फरशी मध्यम राखाडी मॅट. माझं मत एवढंच. टाइल सात फुटांपर्यंत, म्हणजे दाराच्या चौकटीच्या वरच्या रेषेत न्या. तीन-चार फुटांवर रंग तोडला की खोली बुटकी दिसते.

सी-१०४ : बी-३०१ ताई, नग किती?

ए-६०२ : हिशेब लिहून घ्या. भिंतींचा घेर २२ फूट, उंची ७, म्हणजे १५४ स्क्वेअर फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा केले की १३६.५. तोडफोडीला १० टक्के धरून १५०. ३०० बाय ६०० मिमी टाइल नगाला १.९४ स्क्वेअर फूट भरते, पूर्ण २ नाही. म्हणजे एकूण ७८ नग : मिंट १६, फिका राखाडी ६२. फरशीला ३०० बाय ३०० चे ३२. प्रत्येक रंगाचे चार नग जादा घेऊन ठेवा. खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते माल उतरवतानाच तपासा. भिंतीवर लागल्यावर फरक दिसला तर उपाय नाही.

ई-४०५ : काका, फरशीला ६०० बाय ६०० नाही का चालणार? सांधे कमी, घाण कमी.

ए-६०२ : ढाळ कसा देणार? फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, साधारण १:८० ढाळ लागतो, म्हणजे ७ फुटांत एक इंच. मोठी टाइल चारी बाजूंनी खाली झुकवता येत नाही, ती कोनात कापावी लागते. तेवढं नीट कोणी करत नाही आणि कोपऱ्यात पाणी साचतं. ३०० ची टाइल ढाळ सहज घेते. टाइलवर आर-११ लिहिलेलं बघा. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त.

डी-२०३ : काळपट राखाडी फरशी तर अजिबात नको. क्षाराचं पाणी असेल तर आठवड्यात पांढरे डाग. साबणातली स्निग्ध आम्लं पाण्यातल्या कॅल्शियमला धरतात, त्याचा तो चिकट पांढरा थर. मध्यम राखाडीवर तो लपतो, काळ्या नळांवर उठून दिसतो. म्हणून नळही क्रोमचेच बरे.

सी-१०४ : मिंट भिंतीत टाइलचे पूर्ण नग बसतील?

ए-६०२ : छान प्रश्न, इथेच गडबड होते. ४ फूट म्हणजे १२१९ मिमी. ६०० च्या दोन टाइल आणि मध्ये २ मिमी सांधा मिळून १२०२. उरतात १७ मिमी, आणि मिस्त्री तिथे चिंधीसारखी पट्टी लावतो. त्यावर उपाय असा की दोन्ही लांब भिंती आधी लावा. टाइल आणि ती चिकटवायचा अॅडहेसिव्ह मिळून प्रत्येक बाजूला साधारण १२ मिमी जातात, मधली रुंदी ११९५ वर येते. आता दोन्ही टाइलांच्या कडेने ३-४ मिमी ग्राइंडरने काढा, पट्टी नाही. मात्र आकडे प्रत्यक्ष मोजून घ्या, भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतील असं गृहीत धरू नका.

बी-३०१ : टाइल उभ्या लावल्या तर उंची जास्त भासते. चार नग आणि तीन सांधे मिळून १२०६ होतात, दोन्ही कडांना ५-६ मिमी कापायचं.

ई-४०५ : जुन्याच टाइलवर नवीन लावल्या तर?

ए-६०२ : जुनी टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढी काढावीच लागेल. घट्ट असेल तर पॉलिमरवाला अॅडहेसिव्ह चालतो. पण भिंत पुढे येते, त्यामुळे नळांना एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारे जोड, लागतात. फरशी उचलली तर दार घासतं. आणि खालच्या फ्लॅटला आधीच ओल दिसत असेल तर हा मार्ग सोडाच. सगळं उखडा, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे-उभे द्या, ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा. खाली बघून या. मगच टाइल.

डी-२०३ : अॅडहेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरवून घ्या. पाच ठिपके टाकून टाइल चिकटवली की मागे पोकळी राहते, आणि टॉवेलच्या दांडीसाठी भोक पाडताना नेमकी तिथेच तडकते. ड्रिलचा हॅमर मोड टाइल पार होईपर्यंत बंद.

सी-१०४ : सांध्यात भरायचा ग्राउट पांढरा की राखाडी?

बी-३०१ : राखाडी, सगळीकडे एकच. मिंट भिंतीलाही. पांढरा सहा महिन्यांत पिवळा पडतो आणि मिंट कळकट वाटतो. सिमेंटचा ग्राउट सुकल्यावर फिका होतो, तेव्हा एक छटा गडद निवडा. त्यात पाणी जास्त झालं की ठिगळं दिसतात.

ए-६०२ : शॉवरच्या बाजूला सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट. मात्र एका वेळी थोडाच भाग करा आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच पुसा, नाहीतर टाइलवर धुरकट थर कायमचा बसतो. भिंत-भिंत आणि भिंत-फरशीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, तिथे हालचाल होते, भेगा पडतात. राखाडी सिलिकॉन भरा.

डी-२०३ : व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन आरशाला लावू नका. मागचा मुलामा खाऊन काळे डाग येतात. तसा वास नसलेलं, न्यूट्रल क्युअर मागा.

ई-४०५ : टाइलच्या वर आणि छताला?

डी-२०३ : बुरशीरोधक अॅक्रिलिक, सॅटिन फिनिश. प्रायमर एक, रंग दोन हात. छताला मिंटची अर्धी टिंट. आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. आतून दव आलं तर भिंत ओली आहे, रंगारी परत पाठवा.

ए-६०२ : एक्झॉस्टशिवाय हे सगळं वाया. ६ इंची पंखा या जागेला पुरतो, पण दाराखाली १२-१५ मिमी फट हवी. हवा आत येणार नसेल तर पंखा नुसता गरगरतो. अंघोळीनंतर २० मिनिटं चालू ठेवायचा. आणि शॉवरजवळचा दिवा आयपी-६५, म्हणजे पाणी उडालं तरी चालेल असाच.

सी-१०४ : बाकी सामान? पडदा, टॉवेल?

बी-३०१ : पडदा पांढरा, टॉवेल गडद राखाडी. मिंटचे टॉवेल नकोत. भिंतीच्या मिंटशी त्यांचा मिंट कधीच जुळत नाही, आणि जवळपास जुळलेला रंग न जुळलेल्यापेक्षा वाईट दिसतो.

डी-२०३ : सोमवारी मिस्त्री आला की पहिल्यांदा ट्रॅपची जागा खडूने आखून घ्या. जाळी टाइलच्या मधोमध किंवा सांध्यावर यायला हवी. तिथून मागे मोजत फरशी सुरू करायची, दारापासून नाही.

सी-१०४ : उंबऱ्याशी तुकडा आला तर?

डी-२०३ : येऊ द्या. दाराच्या पल्ल्याखाली जातो तो.